शिवी वाचतो कोण?

बायकांना ऑनलाइन शिव्या घालणारा म्हणजे खोट्या नावाआड लपलेलं एखादं रिकामटेकडं पोरगं, अशी आपली सोयीची समजूत आहे. चेहरा झाकलेला असला, समोरच्याची नजर झेलावी लागत नसली की भीड चेपते, असं जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये मांडलं. खोटं नाही ते. पण मराठी फेसबुकवर जरा फिरून या. कांद्याच्या निर्यातबंदीवर एखाद्या बाईने चार ओळी लिहिल्या की खाली ‘रेट काय?’ विचारणारा गृहस्थ स्वतःच्या नावागावासकट हजर असतो. डीपीत लेकीचा वाढदिवस, रोज सकाळी विठोबाच्या फोटोसह सुप्रभात. चाळिशी-पन्नाशीच्या या माणसाची भीड कशी चेपली?

ज्यांची भीड वाटावी, तेच त्याचे प्रेक्षक आहेत म्हणून. शाळासोबती, गाववाले, पक्षाची पोरं. बाईला तो ओळखतही नाही. खाली हसणाऱ्या चौघांना मात्र पक्कं ओळखतो.

त्या चौघांतली आपली पायरी घसरेल, ही धास्ती त्यामागे असते, असं मला वाटतं. कासुमोविक आणि कुझ्नेकॉफ यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘हेलो 3’ या व्हिडिओ गेममध्ये कधी बाईचा, कधी पुरुषाचा आवाज ऐकवला होता. खेळात कच्चे असलेले गडी बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडले. पुरुषाच्या आवाजापुढे तेच गडी नरमले. तरबेज खेळाडू बाईशी बऱ्यापैकी नीट बोलत होते.

मग शिवी लिंगावरच का घसरते? कारण तिला मुद्दा लागत नाही. निर्यातबंदीवर वाद घालायचा तर बाजारभाव माहीत हवेत. चारित्र्यावर बोलायला काहीच माहीत नसलं तरी चालतं. पुरुषाला पाडायचं असेल तर त्याला ‘बायल्या’ म्हणायचं, की झालं. समलिंगी माणसाच्या वाट्याला येणारी शिवी याच टाकसाळीतली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम 377 मधून बाहेर काढलं, पण या शिवीचा भाव काही उतरला नाही. आणि हे नाणं इंटरनेटने पाडलेलं नाही. अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणारे मोर्चे आपल्याकडे किती झाले! त्यात पुढे महिला आघाड्याच असतात, हे विशेष.

म्हणूनच 2022 च्या जानेवारीत ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांत 18 वर्षांची एक मुलगी निघाली, तेव्हा लोकांना बसलेला धक्का मला जरा भाबडा वाटला. शंभरेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं ते ॲप. दुसरा आरोपी बेंगळुरूचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. विक्री कुणाचीच व्हायची नव्हती. पाहून खिदळणारी मंडळी मिळाली की पुरे. त्यात धर्मद्वेष होताच. अपमानाचं हत्यार मात्र तेच जुनं.

हे हत्यार वारंवार का उपसलं जातं, याचा एक धागा येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2021 च्या अभ्यासात सापडतो. त्यांनी 7,331 जणांची 1 कोटी 27 लाख ट्विट तपासली. संतापाच्या ट्विटला ज्यांना लाइक आणि शेअर जास्त मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. संताप म्हणजे शिवी नव्हे, हे मान्य. पण ‘रेट काय?’ लिहून आपले गृहस्थ फोन खिशात टाकतात आणि पाच मिनिटांनी परत काढतात, ते बाईचं उत्तर आलं का हे बघायला नाही. किती जण हसले, ते मोजायला.