हाड कोणाचें आणि कोठलें?

वस्तूचें नांव कळलें म्हणजे वस्तु कळली, अशी आपली एक जुनी समजूत आहे. ही समजूत कितपत खरी हें अनोळखी हाडाच्या उदाहरणानें चांगलें ध्यानांत येतें. भाईंदरच्या खाडीकाठीं किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं हिंडणाऱ्या एखाद्या हौशी संग्राहकास चिखलांतून जड, काळपट हाड मिळतें. तो तें धुतो, कापसांत गुंडाळतो आणि कोणा जाणत्याकडे नेऊन एकच प्रश्न विचारतो, "हें कोणाचें?" उत्तर त्याच्या मनांत आधींच ठरलेलें असतें. हाड डायनोसॉरचें असावें अशी त्याची इच्छा असते. त्याला हवा असतो तो केवळ त्या इच्छेवर शिक्का.

जाणता मनुष्य इच्छेकडे पाहत नाहीं, हाडाकडे पाहतो. सांध्याचा आकार कसा आहे, आंतील जाळी दगडी द्रव्यानें भरली आहे काय, हें तो तपासतो. काळा रंग हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. खाडीच्या चिखलांत अलीकडचें हाडहि काळवंडतें. आमच्या साष्टी बेटाचा खडक बहुतांशीं लाव्हारसाचा, आणि तप्त रसांत हाड टिकत नाहीं. दोन प्रवाहांच्या मधल्या काळांत जीं तळीं साचलीं, त्यांच्या गाळांत मात्र प्राणी राहिले. वरळीच्या टेकडीवर मिळालेले इवलेसे बेडूक अशाच गाळांतले. तेव्हां खाडीकाठचें हाड बहुधा गाईचें किंवा म्हशीचें, फार तर देवमाशाचें निघतें. तें तसें स्पष्ट सांगणें हें जाणत्याचें कर्तव्य होय, आणि समोरच्याचा हिरमोड होईल म्हणून तें टाळणें ही दया नव्हे.

परंतु सत्याचा सारा भार जाणत्यावरच आहे असें जें आपण मानतों, तें मला पटत नाहीं. कारण जाणत्याचें उत्तर चुकलें तरी तें सुधारतां येतें. वरळीच्या बेडकास १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं 'राना' प्रजातींत घातलें; १९३० सालीं त्यासाठीं 'इंडोबॅट्राकस' ही निराळी प्रजाती करण्यांत आली. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमन यांस १८२८ सालीं अश्मीभूत हाडें मिळालीं. त्या वर्षीं 'डायनोसॉर' हा शब्दच जगांत नव्हता. ओवेन यांनीं तो १८४२ सालीं घडविला. पुढें १८७७ सालीं लायडेकर यांनीं तेथील शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हें नांव दिलें, आणि २००३ सालीं दुसऱ्या अभ्यासकांनीं ठरविलें कीं, स्वतंत्र नांवास पुरतील अशीं लक्षणें त्या मणक्यांत नाहींत. नांव आलें आणि डळमळलें. टेकडी मात्र ठाऊक होती. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळांत मॅटले यांस त्याच ठिकाणीं खणून आणखी पुष्कळ हाडें मिळवितां आलीं.

'कोणाचें' या प्रश्नाचें उत्तर हाडांत असतें. शंभर वर्षांनीं दुसरा कोणी तें अधिक चांगलें वाचील. 'कोठलें' या प्रश्नाचें उत्तर मात्र सांपडविणाऱ्याच्या जिभेवर असतें, आणि तेथें तो एकटाच साक्षीदार. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनीं दाखवून दिलें कीं, पंजाब विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें वर्षानुवर्षें हिमालयांतले म्हणून छापलेले कित्येक जीवाश्म परदेशांतले होते. जीवाश्म खरेच होते. खोटें होतें तें त्यांचें गांव. तेवढ्यानें हिमालयाच्या भूशास्त्रांत असा गोंधळ माजला कीं, त्या लेखनांतलें खरें कोणतें आणि टाकाऊ कोणतें, हें निवडणें इतरांच्या माथीं आलें.

आमच्या गांवीं तर साधा प्रामाणिकपणाहि पुरत नाहीं. येथें खाजणांवर आणि मिठागरांच्या कडेला भराव पडले, आणि भरावाची माती येथलीच असते असें नाहीं. तिच्यांत मिळालेलें हाड "भाईंदरचें" म्हणावें काय? "भाईंदर येथें, भरावाच्या मातींत" हे दोन शब्द अधिक लिहिले कीं सत्य राखलें जातें; ते गाळले, तर खोटें न बोलतांहि असत्य उत्पन्न होतें.

असले शब्द लिहिण्यांत कीर्ति नाहीं. प्राण्याच्या नांवामागें शोधकाचें नांव लागतें. जागेची चिठ्ठी लिहिणारास कोणी विचारीत नाहीं. तरीहि माझ्या मतें ज्ञानाच्या नीतीची खरी कसोटी येथेंच लागते. आपणांस काय कळलें हें सांगण्यास बुद्धि लागते. आपण काय पाहिलें तेवढेंच, कमी नाहीं कीं जास्त नाहीं, सांगण्यास चारित्र्य लागतें. म्हशीचें हाड ठिकाण व दिनांकासह नीट नोंदून ठेवणारा मनुष्य, ठिकाण विसरून अद्भुत प्राण्याचें हाड मिरविणाऱ्यापेक्षां, सत्याचा अधिक ऋणको आणि अधिक सेवकहि होय.