खेळात दिलेला शब्द

खेळात दिलेला शब्द हा खरा शब्द असतो काय? प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. परंतु आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो नकळत विचारला जात असतो. ताट वाढलेले असते, वडील हाक मारतात आणि मुलगा मोबाइलवरून नजर न काढता म्हणतो, "पंधरा मिनिटे थांबा. युद्ध संपत आलंय, माझा हल्ला बाकी आहे." वडिलांना हा उद्धटपणा वाटतो, मुलाला ते कर्तव्य वाटते. आमच्या मते, निवाडा करण्यापूर्वी दोघांचेही ऐकून घ्यावे.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा फिनलंडमधील सुपरसेल कंपनीचा खेळ २०१२ साली आला आणि २०१४ मध्ये त्यात क्लॅनची, म्हणजे कुळाकुळांची युद्धे सुरू झाली. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास जण असतात. त्यांचा लीडर लढणाऱ्यांची यादी करतो आणि प्रतिस्पर्धी शोधण्याची कळ दाबतो. त्यानंतर जवळजवळ एक दिवस तयारीचा व चोवीस तास लढाईचे. प्रत्येकाच्या वाट्याला दोनच हल्ले येतात. एकदा युद्ध जुळले की यादीत बदली माणूस घेता येत नाही. जो आला नाही त्याचे हल्ले वाया जातात. त्याचे गाव मात्र शत्रूसाठी नकाशावर उघडेच राहते.

मुलगा ज्याला कर्तव्य म्हणतो ते येथे आहे. प्रवरेच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना पाळीचे पाणी ठाऊक आहे. पाळी रात्री दोनला आली, तर शेतकरी दोनला बांधावर उभा असतो. त्याला कोणी हसत नाही. तेथे ऊस भिजतो, येथे काय भिजते, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. युद्धात मिळणारे सोने खेळाबाहेर कवडीमोलाचे आहे. पण बक्षीस कवडीमोलाचे असल्यामुळेच मागे उरतो तो केवळ शब्द. न पाहिलेल्या सोबत्यांसाठी, कसल्याही लाभाविना, ठरल्या वेळी हजर राहणारा मुलगा काही तरी चांगले शिकत आहे. त्याला "खेळच तर आहे" असे म्हणणारे आम्ही वडीलधारे त्याला नेमके काय शिकवतो, याचा विचार व्हावा.

तथापि वडिलांची बाजूही दुबळी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खेळाला सद्गुणांच्या विवेचनात स्थान दिले. मुळीच न खेळणाऱ्या, दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणाऱ्या माणसालाही त्यांनी दोष दिला. (आमच्यातील काही गंभीर मंडळींनी हे अवश्य वाचावे.) मात्र खेळ व्यक्तीला, काळाला व स्थळाला शोभावा, अशी अट त्यांनी घातली. काळाची अट येथे कळीची आहे. जी वेळ आजीच्या औषधाला किंवा घरच्या प्रार्थनेला आधीच दिलेली आहे, ती क्लॅनला देताच येत नाही. कारण ती आपल्या हाती उरलेलीच नसते.

म्हणून खरा नैतिक क्षण जेवणाच्या ताटावर येत नाही, तो दोन दिवस आधी येऊन गेलेला असतो. या खेळात प्रत्येकाला आपल्या नावापुढे हिरवी किंवा लाल ढाल ठेवता येते: लढेन, अथवा लढणार नाही. लाल ढाल ठेवण्यात कमीपणा नाही. भिडेपोटी हिरवी ठेवून ऐन वेळी गायब होणे, हा सोबत्यांवर अन्याय आहे. आणि लाल ढाल दिसत असूनही लीडर त्या खेळाडूला यादीत घेऊ शकतो. तसे त्याने करू नये. दुसऱ्याचा नकार हाही शब्दच आहे.

लीडरविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण घरोघरी टीका होते ती खेळणाऱ्यावर. वेळ ठरवणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कळ दाबणारा पन्नास घरांतील घड्याळांना हात घालत असतो. चुरशीची लढत शेवटच्या तासांत ठरते. अवघड गावांसाठी राखलेले हल्ले तेव्हाच होतात. वसईचा एखादा तरुण कुवेतमध्ये नोकरीला असतो, त्याचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे वसईतल्या शाळकरी मुलाची मध्यरात्र. त्याने स्वतःची सोय पाहून कळ दाबली, तर त्या मुलाच्या जागरणात त्याचा वाटा आहे. एखादा हल्ला चुकला म्हणून कारण न विचारता सोबत्याला क्लॅनबाहेर काढणे, हेही अनेक ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली चालते. घरात आजारपण असेल, वीज गेली असेल. विचारायला दोन ओळी पुरतात, आणि तशी सोय त्याच पडद्यावर आहे.

वडिलांना आमची एकच विनंती. मोबाइल हिसकावण्याऐवजी, युद्ध केव्हा सुरू करणार, हे आधी विचारावे. शनिवारी रात्री नऊला प्रतिस्पर्धी मिळाला, तर लढाई रविवारी रात्री सुरू होते आणि सोमवारी रात्री आठच्या सुमारास संपते. सोमवारी जेवण साडेआठला ठेवता येईल. आणि मंगळवारी परीक्षा असेल, तर मुलाने शनिवारीच लाल ढाल लावावी.