परदेशी वस्त्राचे मोल

परदेशी गेलेला मनुष्य परतताना एखादे तेथले वस्त्र बहुधा आणतोच. ते पेटीत घडी होऊन बसते, फुटत नाही, आणि घरच्या माणसाच्या अंगावर शोभते. परंतु ज्यांचे ते वस्त्र, त्यांचे आपण काही देणे लागतो काय? की पैसे मोजले म्हणजे हिशेब मिटला?

जावा बेटाचे उदाहरण घेऊ. योग्याकार्ता शहरातील बेरिंगहार्जो बाजारात बातिक कापडाचे ढीग लागलेले असतात. वरवर सारखे दिसणारे हे कापड वस्तुतः तीन जातींचे असते. पहिल्या जातीत कारागीर, बहुधा स्त्री, ‘चांतिंग’ नावाच्या तांब्याच्या तोटीदार लेखणीने वितळलेले मेण कापडावर रेखाटते. मग कापड रंगात बुडवितात. मेणाखाली रंग चढत नाही. प्रत्येक नव्या रंगासाठी हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो, आणि एका वस्त्राला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. दुसऱ्या जातीत मेण तांब्याच्या ठशाने उमटवितात. तिसऱ्या जातीत मेणाचा संबंधच नसतो. ते नुसते छापील कापड. त्याची उलटी बाजू बहुधा फिकी असते, एवढ्यावरूनही ते ओळखता येते.

प्रवासी मात्र तिन्ही एकाच तागडीत घालतो, आणि छापील कापडाचा भाव दाखवून हाताच्या कामाचा भाव पाडतो. घासाघीस ही त्या बाजाराची रीतच आहे. तिला आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो खोट्या तुलनेत. आपल्याकडील 1872 च्या करार कायद्याचे 25 वे कलम सांगते की, मोबदला अपुरा आहे एवढ्याच कारणाने करार रद्द ठरत नाही. तथापि तेच कलम पुढे म्हणते की, संमती खरोखर मोकळी होती की नाही हे ठरविताना मोबदल्याचा अपुरेपणा न्यायालय विचारात घेऊ शकेल. संध्याकाळची चूल पेटविण्यासाठी जो मिळेल त्या भावाला ‘हो’ म्हणतो, त्याची संमती कितपत मोकळी? न्यायालयापुढे हा प्रश्न बहुधा येणार नाही. सदसद्विवेकापुढे तो आल्यावाचून राहत नाही.

दुसरा प्रश्न अर्थाचा. ‘पारांग’ ही तिरप्या लाटांची नक्षी एके काळी तेथील राजघराण्यासाठी राखलेली होती. आज ती बाजारात कोणासही मिळते. परंतु राजवाड्याची मर्यादा अद्याप सुटलेली नाही. डिसेंबर 2022 मध्ये सुराकार्ताच्या मांकुनगरान राजवाड्यात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांच्या धाकट्या पुत्राचा विवाहसमारंभ झाला, तेव्हा पाहुण्यांनी ही नक्षी नेसून येऊ नये, अशी विनंती करण्यात आली होती. कोणी म्हणेल, “वस्त्र आम्ही विकत घेतले, ते कोठे नेसावे हे सांगणारे ते कोण?” आपण देवळात जातो तेव्हा पादत्राणे बाहेर ठेवतो. ती आपल्या मालकीची नसतात म्हणून काय? मालकी निराळी आणि अधिकार निराळा. पहिली पैशाने मिळते. दुसऱ्यासाठी तेथल्या माणसांना विचारावे लागते.

या व्यवहारात आपण अगदीच परके नाही. गुजरातचे पटोळे शतकानुशतके समुद्रमार्गाने जावाला जात असे. तेथील दरबारात ते मानाचे वस्त्र होते, आणि पेकालोंगानच्या बातिकमधील ‘जलांप्रांग’ नक्षी त्याच्याच अनुकरणातून निघाली. आज पाटणच्या विणकराचे पटोळे कोणी छापील साडीच्या भावाने मागितले, तर आपणांस विषाद वाटेल. तोच विषाद जावातील कारागीर स्त्रीलाही वाटत असणार.

म्हणून खरेदी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. गिऱ्हाईक न आले तर लेखणी थांबेल आणि मेण गोठेल. घ्यावे, पण कोणत्या जातीचे आहे हे विचारून घ्यावे. हाताच्या कामाला हाताच्या कामाचे मोल द्यावे. आणि नेसण्यापूर्वी त्याची मर्यादा जाणून घ्यावी. पावतीवर यातले काहीच लिहिलेले नसते. तरीही ते देणे आपल्याकडे उरतेच.