तो कॉलम नाही

माझी माय ऊसतोड करायची. तिशी ओलांडायच्या आत तिची पिशवी काढली. आता कंबर धरून बसते, पायाला मुंग्या येतात, कोयता उचलत नाही. मी सूतगिरणीत पाळीवर उभा असतो तेव्हा ती भिंतीला टेकून असते. गाव म्हणतं, बाई कामातून गेली. माय पंचेचाळीसची हाय.

कामातून गेली! माणूस मोजायचं हे एकच माप. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. खाडा पडला की दंड. दुखण्याचा दिवस त्या हिशेबात नाही. मग बाया पिशवीच काढून टाकतात.

२०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. आकडा बाहेर आला, बरं झालं. पण पिशवी गेल्यावर उरलेल्या बाईचं काय?

आमच्या वस्तीवर एकदा माहिती घेणारे आले. मायला तासभर बसवलं, कागद भरला, अंगठा घेतला. माय म्हणाली, "दवाखान्याच्या पायऱ्या चढवत न्हाईत, तेवढं लिवा." ते म्हणाले, "मावशी, तो कॉलम नाही."

कॉलम कोण ठरवतं? संशोधनाचा पैसा मागायचा तर मान्यता असलेली संस्था लागते, नोकरी लागते, इंग्रजी लागतं, कॉम्प्युटर लागतो. ज्याचं दुखणं, त्याला तिथं दार नाही. तो फक्त नमुना.

कुणी म्हणेल, अडाणी बाईला संशोधनातलं काय कळतं? रक्त तपासायला डॉक्टरच पाहिजे, कबूल. पण काय तपासायचं हे दुखणाऱ्यानंच सांगितलं पाहिजे. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढं अस्पृश्यांसाठी अस्पृश्यांचेच प्रतिनिधी मागितले. आमच्या वतीनं दुसऱ्यानं बोलू नये, हाच तो मुद्दा. तो शरीरालाही लागू आहे.

आणि मित्रहो, आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे? आपल्याला मोर्चात पुढं धावणारा कार्यकर्ता लागतो. लंगडा मागं राहतो, आंधळ्याला पत्रक कुणी वाचून दाखवत नाही. पुतळ्यातले बाबासाहेब ताठ उभे. पण शेवटच्या वर्षांत मधुमेहानं शरीर पोखरलेलं, दिसायला कमी, चालायला आधार लागायचा. त्याच शरीरानं १९५६ साली नागपुरात धम्म दिला. त्यांना 'कामातून गेले' म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून मागणी साधी आहे. संशोधनाचा पैसा जिथं वाटला जातो तिथं अशा बायांना बसायला जागा द्या. अर्ज मराठीत घ्या, तोंडी सांगितलेला चालवा. माहिती द्यायला दिवस मोडला तर रोज द्या. निघालेला अहवाल वस्तीवर येऊन वाचून दाखवा.

आणि आपली पुढची बैठक जिन्यावर नको. माझ्या मायच्या अंगणात घ्या.