गृहपाठाचा कर्ता कोण?

रविवारी रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानात गर्दी असते ती मुलांची नव्हे, त्यांच्या आई-बाबांची. कुणाला कार्डशीट हवी असते, कुणाला चमकीचा कागद, कुणाला ‘आपले मदतनीस’चा छापील तक्ता. ज्याच्यासाठी ही धावपळ, तो दुसरीतला मुलगा तोवर झोपलेला असतो. सोमवारी तो पोस्टमन-सुतार-डॉक्टर चिकटवलेला कागद दोन्ही हातांनी सांभाळत शाळेत नेतो. बाई त्यावर लाल शाईने ‘छान’ लिहितात आणि एक चांदणी देतात.

हे कर्म कोणाचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. प्रकल्पाला ती लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे जेवणाचं टेबल. कर्ता आई. करणं म्हणजे कात्री आणि गमची बाटली. चेष्टा बाबांच्या, दुकानाच्या दोन फेऱ्या त्यांनी मारलेल्या असतात. दैव म्हणजे सोमवारी बाईंचा मूड. या पाचांत मूल कुठेच नाही. फळ मात्र त्याच्या पदरात पडतं, म्हणजे निष्काम कर्मयोग साधतो तो आईला.

गंमत सोडली, तर मामला गंभीर आहे. कर्तेपणाचा अहंकार सोडा, असं आपले संत सांगत आले. पण सोडण्यासाठी ते आधी असावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं कर्तेपण नुकतं कुठे उगवत असतं. स्वतः गिरवलेला, पोट फुगलेला ‘क्ष’ दाखवून ते ‘मी काढला’ म्हणतं, तेव्हा त्याच्या हाती काहीतरी खरं लागलेलं असतं. सुबक तक्ता घेऊन वर्गात उभं राहिल्यावर त्याला वेगळंच कळतं: काम एकाचं, नाव दुसऱ्याचं, आणि बाईंना ठाऊक असूनही कुणाची हरकत नाही. पुढच्या तासाला मूल्यशिक्षणात खरं बोलण्याचा पाठ असतो.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे घरच्या अभ्यासाची आपली जुनी परंपरा. ती होतीच. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, शुभंकरोति झाली, की परवचा, म्हणजे पाढे मोठ्याने म्हणणं. बेरीज-वजाबाकीच्या आधी पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. दिडकी-औटकीला गाडी अडखळली की माजघरातून आजोबांचा आवाज यायचा. त्यात लिहायचं काही नव्हतं, तपासायचं नव्हतं, दुसऱ्या दिवशी दाखवायचंही नव्हतं. चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त. पण ही परंपरा सगळ्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. ज्या घरांना अक्षरापासून पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं, तिथे परवचा घेणार कोण? जोतीराव आणि सावित्रीबाईंना शाळा काढाव्या लागल्या त्या त्यासाठीच. आज ऊसतोडीच्या फडावरून आलेल्या आईसमोर पहिलीची वही ठेवून ‘सही करून आणा’ म्हणणारी शाळा ज्ञानाचा भार पुन्हा घराच्या ऐपतीवर टाकत असते. हा धर्माचाच प्रश्न आहे, धर्माचा अर्थ न्याय असा घेतला तर.

खुद्द उपनिषदांत घरच्या अभ्यासाचा एक सुरेख नमुना आहे. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायातला श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने परततो. वडील, उद्दालक आरुणी, एकच प्रश्न विचारतात आणि पोराची बारा वर्षांची घोकंपट्टी उघडी पडते. मग शिकवणी सुरू होते ती घरीच. रात्री हे मीठ पाण्यात टाक, सकाळी ये. सकाळी वडील म्हणतात, ते मीठ आण. ते सापडत नाही. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळातलं चाख. तिन्हीकडे खारट. दुसऱ्या प्रसंगी वडाचं फळ फोडायला लावतात, मग त्यातलं बी. आणखी एकदा पंधरा दिवस उपाशी ठेवून ऋचा म्हणायला सांगतात. एकही आठवत नाही, जेवल्यावर सगळ्या आठवतात. (हा शेवटचा प्रयोग कुणी घरी करू नये. श्वेतकेतू चोवीस वर्षांचा होता.) यात फळ मुलगा फोडतो, पाणी मुलगा चाखतो, ‘काही दिसत नाही’ हे उत्तरही त्याचंच. वडील फक्त पुढचा प्रश्न विचारतात आणि समोर बसून राहतात.

समोर बसणं हीच आजची अडचण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये त्यावर तोडगा काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. दीड तासाने, साडेआठला, पुन्हा भोंगा. सुरुवातीला माणसं घरोघर जाऊन सांगत होती. देवळाच्या शिखरावरून घातलेलं हे बंधन मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे, आणि गावाचं खरं शहाणपण तिथे आहे. मालिका बघत ‘अभ्यासाला बस’ म्हणणाऱ्या बापाला उपदेशाचा अधिकार नाही, हे तिथे ग्रामसभेला उमगलं.

कायदा-नियमही पालकांच्या बाजूने आहेत. 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नका असा आदेश दिला, आणि केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाने तेच म्हटलं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. लहानग्यांनी संध्याकाळ कशी घालवली, काय खेळले, काय खाल्लं, हे वर्गात येऊन बोलावं, असंही त्यात सुचवलं आहे. याहून चांगला गृहपाठ कुणी सुचवलेला आठवत नाही. तो आईला करता येत नाही, आणि निरक्षर घरातल्या मुलाकडेही सांगायला तेवढंच असतं.

तरी पहिलीच्या वह्या रोज भरून येतात, कारण वही कोरी राहिली तर शाळा काही शिकवत नाही असं पालकांनाच वाटतं. तेव्हा येत्या पालकसभेत हे धोरण मुख्याध्यापकांपुढे ठेवावं, आणि पहिली-दुसरीची वही कोरी आली तर आमची तक्रार नाही, असं आई-बाबांनी स्वतः उठून सांगावं.