सदोष कृतीवरील प्रेम : एक नैतिक प्रश्न

एखाद्या कृतीतील दोष पूर्णपणे ठाऊक असूनही ती प्रिय राहते, तेव्हा समीक्षकाने त्या दोषांचे काय करावे? 'कोनामी' या जपानी कंपनीच्या 'कॅसलव्हेनिया २ : सायमन्स क्वेस्ट' या व्हिडिओ गेमकडे पुन्हा वळताना हा प्रश्न टाळता येत नाही.

जपानमध्ये १९८७ साली व अमेरिकेत १९८८ साली आलेल्या या कृतीचा नायक सायमन बेलमाँट शापग्रस्त आहे. ड्रॅक्युलाची बरगडी, हृदय, डोळा, नख आणि अंगठी गोळा करणे हा त्यावरील उतारा. दिवस मावळताच गावातील माणसे दिसेनाशी होतात, शत्रू अधिक बळावतात. आणि शोधाला किती दिवस लागले यावर शेवट अवलंबून राहतो. काळच येथे आशय होतो. हे या कृतीचे खरे सामर्थ्य होय.

तिचा कुप्रसिद्ध दोष भाषेचा आहे. गावकऱ्यांची काही विधाने मूळ जपानी संहितेतच खोटी आहेत. इंग्रजी भाषांतराने उरलेली दुर्बोध केली. तांबडा स्फटिक हाती घेऊन कड्यापाशी गुडघे टेकले की वावटळ येते व वाट खुली होते. परंतु हे खेळणाऱ्याला स्वतःहून उमगणे जवळजवळ अशक्यच.

शापित प्रदेशात भाषाही भ्रष्ट असणार, असे समर्थन येथे सहज सुचते. ते अर्धेच खरे आहे. असत्यामागे बोलणारा असतो. त्याच्यावर अविश्वास दाखवता येतो, आणि तो अविश्वास आस्वादाचाच भाग होतो. चुकलेल्या भाषांतरामागे मात्र कोणाचाच हेतू नसतो. त्या अपघाताला अर्थगर्भता बहाल करणे म्हणजे रचनाकाराला न कमावलेले श्रेय देणे आणि खेळणाऱ्याच्या वाया गेलेल्या श्रमांचा अपलाप करणे होय.

मग चाहत्यांनी पुढे केलेली सुधारित भाषांतरे मूळ कृतीच्या जागी बसवावीत काय? तसेही नाही. पाठचिकित्सेत शुद्ध पाठ सिद्ध झाला तरी प्रचलित पाठ नोंदवून ठेवावाच लागतो. कारण वाचकांच्या एका पिढीचा अनुभव त्याच पाठावर घडलेला असतो.

प्रेमासाठी दोषाला गुण ठरवण्याची गरज नसते. क्षमेला आधी अपराधाची कबुली लागते. जेथे दोषच नाकारला, तेथे क्षमाही उरत नाही. प्रिय कृतीचा दोष स्पष्ट सांगणे ही म्हणूनच त्या प्रेमाची पहिली अट आहे.