प्रार्थना परीक्षेला बसते तेव्हा

पुत्रकामेष्टी यथासांग पार पडली, पण मुलगा झाला नाही. मग वेदवचन खोटे ठरले का? हा सवाल कोणा आधुनिक नास्तिकाचा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात, वेदावरचा आक्षेप म्हणून तो आला आहे आणि वात्स्यायनाच्या भाष्यात उदाहरणही पुत्रेष्टीचेच आहे. सिद्धान्ती उत्तर देतो की दोष वेदाचा नाही. कर्मात, कर्त्यात किंवा साधनांत काहीतरी उणे राहिले असेल.

उत्तर चतुर आहे, पण त्यात एक मेख आहे. फळ मिळाले तर विधी खरा, न मिळाले तर करणाऱ्याचे चुकले! अशा दाव्याला हरण्याची वाटच उरत नाही. गंमत म्हणजे त्याच अध्यायात पुढे वेदाच्या प्रामाण्यासाठी दाखला दिला आहे तो मंत्राचा आणि आयुर्वेदाचा. विषावरचा मंत्र लागू पडतो, वैद्याने सांगितलेल्या औषधाचा गुण येतो, म्हणून सांगणारा विश्वासपात्र, वेदाचेही तसेच. म्हणजे शास्त्रावरचा विश्वास सिद्ध करायला साक्षीला बोलावला तो रोग्याला आलेला गुण. पण गुण आला, आणि तो अमुक एका गोष्टीनेच आला, हे ठरवायचे कसे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय या प्रश्नाच्या बराच जवळ जातो. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार परीक्षा तिथे सांगितल्या आहेत आणि पुनर्जन्म आहे की नाही या वादाला त्या लावूनही दाखवल्या आहेत. याच अध्यायात उपचारांचे तीन प्रकार येतात. त्यांतला पहिला दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, मणी, होम, उपवास, प्रणिपात. दुसरा युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध. तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला आवर घालणे. प्रार्थना इथे उपचारांच्या यादीत बसली आहे. उपचार म्हटला की त्याची परीक्षा आलीच.

सगळ्यांत सहज मिळणारा पुरावा म्हणजे अनुभव. महाराष्ट्रात देवस्थानागणिक नवस फेडणाऱ्यांची रांग दिसते. बोललेला नवस पावला नाही तो माणूस मात्र त्या रांगेत नसतो. सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी हेच टिपले होते. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेली चित्रे कोणीतरी डायगोरस या नास्तिकाला दाखवली. तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत? वैद्यकातही ‘माझ्या पेशंटला फरक पडला’ ही साक्ष पुराव्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवतात ती याच कारणाने. डॉक्टर खोटे बोलतो असे कोणी म्हणत नाही. न बरे झालेले पेशंट त्याच्याकडे परत येतातच असे नाही, एवढेच.

मग तुलना करावी. 1872 मध्ये फ्रान्सिस गाल्टनने ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त ती करून पाहिली. राजाच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये जाहीर प्रार्थना होते, तेव्हा राजघराण्यातली माणसे जास्त जगायला हवीत. त्याने तिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या आयुर्मानाचे आकडे मांडले. राजघराण्यांतले 97 पुरुष सरासरी 64.04 वर्षे जगलेले, धर्मगुरू 69.49, गावोगावचे जमीनदार 70.22. ज्यांच्यासाठी सर्वाधिक प्रार्थना, तेच तळाला.

हा युक्तिवाद चुरचुरीत असला तरी नैयायिकाने तो अडवला असता. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही, कारण धुराला ओले सरपण लागते. या दडलेल्या तिसऱ्या अटीला न्यायशास्त्र उपाधी म्हणते आणि उपाधी सापडली की अनुमान कोसळते. राजे आणि धर्मगुरू यांच्यात केवळ प्रार्थनेचा फरक नव्हता. खाणेपिणे, दगदग, नात्यातली लग्ने, सगळेच वेगळे. नवसाने मूल होते या समजुतीला ‘मग नवरा कशाला लागतो?’ असा तुकोबांच्या नावावरचा जो खोचक सवाल मराठी माणसाला पाठ असतो, तोही तर्काच्या अंगाने पाहिला तर उपाधीकडेच बोट दाखवतो.

उपाधी किती आणि कोणत्या, हे आधी कळत नाही. विसाव्या शतकाने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे चिठ्ठ्या. कोणाला उपचार द्यायचा हे डॉक्टरने नव्हे, चिठ्ठीने ठरवायचे, म्हणजे माहीत असलेल्या आणि नसलेल्या साऱ्या उपाधी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या रीतीने झाली होती आणि हळूहळू ती नव्या औषधांची कसोटी बनली.

प्रार्थनाही या कसोटीला उतरली. 1988 मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या हृदयरोग कक्षातल्या 393 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यातल्या 192 जणांसाठी हॉस्पिटलबाहेरच्या ख्रिस्ती भाविकांनी प्रार्थना केली होती. त्यांना अँटिबायोटिक कमी लागली, हृदय निकामी होण्याचे प्रसंग कमी आले. बातमी जगभर गेली. मात्र बर्ड यांनी पंचवीसहून अधिक बाबी मोजल्या होत्या आणि फरक दिसला तो सहांमध्ये. मृत्यूंत किंवा हॉस्पिटलमधल्या मुक्कामात फरक नव्हता. इतक्या ठिकाणी नेम धरला की एखादा योगायोगानेही लागतो. कोणता निकाल यश मानायचा हे आधी लिहून न ठेवता नंतर निवडले, तर पुत्रेष्टीचीच पळवाट दुसऱ्या दाराने आत येते.

2001 च्या नाताळ अंकात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने याहून अजब निबंध छापला. इस्रायलचे लेनर्ड लायबोविची यांनी 1990 ते 1996 या काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या 3393 रुग्णांची नावे घेतली, 2000 साली चिठ्ठ्या टाकल्या आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे रुग्ण बरे होऊन घरी गेल्यावर किंवा दगावल्यावर चार ते दहा वर्षांनी! तरी त्या गटाचा ताप आणि मुक्काम कमी दिवसांचा निघाला, तोही संख्याशास्त्राच्या मापात बसेल इतका. लायबोविचींचा रोख प्रार्थनेवर नव्हता. जी गोष्ट मुळातच जवळपास अशक्य, तिची चाचणी कितीही काटेकोर केली तरी एखादा अनुकूल आकडा तिला खरी ठरवत नाही, हे त्यांना दाखवायचे होते.

काहींना तो विनोद कळलाच नाही. दूरस्थ प्रार्थनेवरच्या सर्व चाचण्या एकत्र करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात हाही अभ्यास धरला गेला आणि 2009 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यावर कडाडून टीका केली. असा आढावा पुराव्याच्या उतरंडीत सगळ्यांत वर असतो. पण कशाची बेरीज करायची हे ठरवणारा विवेक त्या बेरजेतून मिळत नाही. चरकाने अनुमानाशेजारी युक्ती, म्हणजे अनेक कारणांचा मेळ पाहणारी बुद्धी, वेगळी मोजली होती हे इथे आठवते.

भाविकांचाही एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. देव चिठ्ठी पाहून कृपा करील का? शिवाय ज्यांच्यासाठी भाडोत्री प्रार्थना झाली नाही, त्यांच्या आया-बहिणी घरी हात जोडून बसल्याच असतील. म्हणजे चाचणी झाली ती प्रार्थनेची नव्हे, परक्यांनी केलेल्या जादा प्रार्थनेची. हे मान्य केले की अशा अभ्यासातून ‘देव नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. पण मग ‘प्रार्थनेचा गुण विज्ञानाने सिद्ध केला’ असेही त्यांच्या बळावर म्हणता येत नाही.

आणखी एक मोठी चाचणी 2006 ची. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांत बायपास झालेले 1802 रुग्ण घेतले. पैसा मुख्यतः धर्म आणि विज्ञान यांत रस असलेल्या टेम्पलटन फाउंडेशनचा. प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंत झाली ती 52 आणि 51 टक्क्यांना. प्रार्थनेने फरक पडला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होणारच हे ज्यांना सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात मात्र 59 टक्क्यांना.

या 59 वर नास्तिकांनी टाळ्या पिटल्या. प्रार्थनेचे दडपण येते, ती अपायकारक असते, असे लेख निघाले. बर्ड यांच्या सहा बाबींना योगायोग म्हणणाऱ्यांनी हा आकडा मात्र झटकन उचलला. तुलना आधी ठरवलेली होती हे खरे, म्हणून तो बर्ड यांच्या आकड्यांहून वजनदार आहे. पण गंभीर गुंतागुंत आणि तीस दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत सारखेच होते आणि 59 चा आकडा योगायोगाने आला असण्याची शक्यता खुद्द संशोधकांनीच नोंदवली होती. नैयायिकांच्या सभेत पूर्वपक्ष आणि सिद्धान्त या दोघांचे हेतू एकाच नियमाने तपासले जात. बेन्सन यांच्या 59 टक्क्यांना तो नियम लावला, तर तूर्त एवढेच म्हणता येते की असे एकदा आढळले.